चांगल्या शॉर्ट फिल्म कुठं सापडतात? कोल्हापुरातून एक उत्तर

तुमचा प्रश्न असा आहे: "मी मूळचा गडहिंग्लजचा, सध्या कोल्हापुरात नोकरीला. नव्या आणि वेगवेगळ्या समाजांतून आलेल्या दिग्दर्शकांच्या दमदार स्वतंत्र शॉर्ट फिल्म बघायच्या आहेत. यूट्यूबवर शोधलं की सगळा गाळच वर येतो. कुठं आणि कसं शोधायचं?"

मी इथल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. गेली नऊ वर्षं महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आमच्या पेठेतल्या तालमीच्या वरच्या हॉलमध्ये शॉर्ट फिल्म दाखवते. भिंतीवर ताणून बांधलेली पांढरी चादर, उसना प्रोजेक्टर, खाली सतरंज्या. कधी बारा माणसं येतात, कधी चाळीस. दर महिन्याला तीन-चार चांगल्या फिल्म हुडकाव्याच लागतात, म्हणून या शोधासाठी मी एक वही ठेवली आहे. तीच उघडून उत्तर देते.

आधी गाळाचं कारण. "शॉर्ट फिल्म" असं टाकलं की यूट्यूब त्यात आपले उभे "शॉर्ट्स"ही मिसळतं. शिवाय जास्त बघितलेलं आधी दाखवायचं हा त्याचा धर्म. त्यामुळं शेवटच्या मिनिटाला धक्का देणाऱ्या नाहीतर रडवणाऱ्या फिल्म वर तरंगतात. ज्या फिल्मसाठी तुम्ही जीव टाकताय ती तिथंच कुठंतरी तीनशे लोकांनी बघून पडलेली असते. तिच्यापर्यंत पोचायला तिचं नाव आधीपासून ठाऊक असावं लागतं.

नाव कसं कळायचं, ही खरी गोष्ट आहे. शॉर्ट फिल्म तयार झाली की लगेच नेटवर येत नाही. बऱ्याच महोत्सवांची अट असते की फिल्म आधी जाहीरपणे दाखवलेली नसावी, नेटवर तर नकोच. म्हणून दिग्दर्शक वर्ष-दोन वर्षं ती पासवर्ड लावून ठेवतो आणि जगभर पाठवत राहतो. महोत्सवांची फेरी संपली की एखाद्या साध्याशा दिवशी व्हिमिओवर किंवा यूट्यूबवर चढवतो. तोवर बातमी शिळी झालेली असते. ज्या आठवड्यात पेपरात नाव छापून आलं त्या आठवड्यात फिल्म मिळत नव्हती, आणि आता मिळते तर कुणी शोधत नाही.

माझी वही याच फटीसाठी आहे. चार रकाने: फिल्मचं नाव, दिग्दर्शक, कुठल्या महोत्सवात लागली, सापडली का. महोत्सवांच्या याद्या त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट असतात, प्रत्येक फिल्मबद्दल दोन-तीन ओळींसकट. मुंबईचा मिफ 1990 पासून माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनसाठीच भरतो. तिरुअनंतपुरमला केरळ सरकारचा माहितीपट आणि लघुपटांचा वेगळा महोत्सव आहे. बंगळुरूचा लघुपट महोत्सव आहे, धरमशालाच्या चित्रपट महोत्सवातही लघुपट असतात. मुंबईचा कशिश 2010 पासून समलैंगिक आणि तृतीयपंथी माणसांच्या गोष्टी दाखवतो, त्यात नव्या दिग्दर्शकांच्या शॉर्ट फिल्म भरपूर. बाहेर फ्रान्समधलं क्लेरमाँ-फेराँ आणि जर्मनीतलं ओबरहाउसन. ओबरहाउसन तर 1954 पासून चालू आहे. मी या याद्या बसून वाचते, नावं उतरवते, आणि दिवाळीच्या सुट्टीत दोन वर्षांपूर्वीची पानं काढून एकेक नाव शोधते. दहातली तीन-चार नावं लागतात. बाकीच्यांपुढं पेन्सिलीनं टिंब करते आणि पुढच्या दिवाळीला परत बघते.

विद्यार्थ्यांच्या फिल्मकडं सगळ्यात जास्त लक्ष द्या, हे माझं अगदी ठाम मत आहे. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात 1998 पासून फक्त फिल्मशाळांतल्या विद्यार्थ्यांसाठी एक विभाग आहे, आता त्याला ला सिनेफ म्हणतात. 2024 ला तिथलं पहिलं बक्षीस चिदानंद नाईक या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्याला मिळालं. गडी आधी डॉक्टरकी शिकलेला. फिल्म कन्नड, सोळा मिनिटांची: म्हातारी कोंबडा चोरते आणि गावात सूर्यच उगवेनासा होतो. कर्नाटक आपल्याला किती जवळ, आणि अशी गोष्ट आपल्याही आज्यांनी सांगितलेली असते. त्याच इन्स्टिट्यूटच्या पायल कपाडियाची 'आफ्टरनून क्लाउड्स' 2017 ला याच विभागात होती. सात वर्षांनी तिच्या मोठ्या चित्रपटाला कानचं ग्राँ प्री हे मोठं बक्षीस मिळालं तेव्हा सगळ्यांना नाव कळलं. उमेश कुलकर्णींची विद्यार्थीदशेतली 'गिरणी' बघा. आई पोटासाठी घरात पिठाची गिरणी आणते आणि तिचा आवाज पोराच्या सगळ्या जगण्यात शिरतो. नागराज मंजुळेंची 'पिस्तुल्या' 'फँड्री'च्या कितीतरी आधीची. चैतन्य ताम्हाणेंनी 'कोर्ट'च्या आधी 'सिक्स स्ट्रँड्स' केली होती. यातली प्रत्येक फिल्म पहिल्यांदा आली तेव्हा तुमच्या-माझ्यासारख्या चार माणसांनीच बघितली असणार.

दुसरी सवय म्हणजे शेवटची टायटल्स सोडायची नाहीत. आमच्या हॉलमध्ये टायटल्स संपेपर्यंत दिवा लावत नाही. दिग्दर्शक नवा असला तरी कॅमेरा, संकलन, ध्वनी कुणाचा ते लिहून घ्या. एखाद्या फिल्ममधला आवाज मनात राहिला तर त्या ध्वनिमुद्रकाचं नाव शोधा. तो आणखी दोघा-तिघा नव्या लोकांबरोबर काम करत असतो. त्या धाग्यानं मला जितक्या फिल्म मिळाल्या तितक्या कुठल्याच "टॉप टेन"मधून मिळाल्या नाहीत.

वेगवेगळ्या समाजांबद्दल तुम्ही खास विचारलंय, आणि माझ्या दृष्टीनं हाच भाग सगळ्यात मोलाचा आहे. माणूस स्वतःच्या घराबद्दल, स्वतःच्या बोलीत फिल्म करतो तेव्हा त्यात बाहेरच्याला न दिसणाऱ्या गोष्टी येतात. झारखंडचे बिजू टोप्पो हे कुरुख बोलणारे आदिवासी दिग्दर्शक. ते आता नवखे नाहीत, पण त्या वाटेनं येणाऱ्या नव्या मुलांना समजून घ्यायचं तर सुरुवात त्यांच्यापासून करा. मेघनाथ यांच्याबरोबर त्यांनी 'गाडी लोहरदगा मेल' केली. रांची ते लोहरदगा धावणारी छोट्या रुळांची गाडी बंद व्हायच्या बेतात असताना तिच्यातली माणसं आणि त्यांची गाणी. आमच्याकडं ती दाखवली तेव्हा मागं बसलेले एक वारकरी आजोबा उठून म्हणाले, "ही तर आमची मिरज-पंढरपूरची गाडी!" मग तासभर ते त्या बारक्या गाडीबद्दल बोलत होते. कुठं उतरून पाणी प्यायचे, कुठला अभंग कुठल्या स्टेशनला यायचा, सगळं. पुढची फिल्म लावायची राहूनच गेली आणि कुणी विचारलंही नाही.

भाषेची अडचण येणार, हे धरून चाला. उपशीर्षकं बहुतेक इंग्रजीत असतात आणि आमच्याकडच्या निम्म्या माणसांना ती झेपत नाहीत. आदल्या आठवड्यात मी ती मराठीत उतरवून घेते आणि दहावीतली एक मुलगी पडद्याशेजारी बसून हळू आवाजात वाचते. तुम्ही एकटे बघणार असाल तर हा प्रश्न नाही. घरच्यांना सोबत घेणार असाल तर ज्यात संवादच नाहीत तिथून सुरुवात करा. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाच्या संकेतस्थळावर अशा भरपूर आहेत, फुकट. गुजरातेतून तिकडं गेलेल्या ईशू पटेल यांची 1977 सालची 'बीड गेम' मी दरवर्षी आठवीच्या वर्गाला दाखवते. नुसते मणी, कॅमेऱ्याखाली एकेक सरकवत काढलेले. मण्यांचे प्राणी होतात, प्राणी एकमेकांना गिळतात, आणि हळूहळू ते माणसांच्या लढाईपर्यंत येतं. पाच-सहा मिनिटांत वर्ग गप्प. तिथंच ॲलनिस ओबोमसविन या अबेनाकी आदिवासी बाईंची पहिली फिल्म आहे, 1971 ची. एका निवासी शाळेतल्या आदिवासी मुलांनी खडूंनी काढलेली चित्रं आणि त्यांचेच आवाज, एवढ्यावर तेरा मिनिटं. चित्रकला शिकवणाऱ्या प्रत्येकानं ती बघावी असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडचं फुकट दालनही मोठं आहे. 1948 ला सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कितीतरी फिल्म यूट्यूबवर आहेत. एस. एन. एस. शास्त्रींची 'आय ॲम ट्वेंटी' नक्की काढा. 1947 च्या 15 ऑगस्टला जन्मलेली मुलं वीस वर्षांची झाल्यावर काय बोलतात ते. पीएसबीटी या संस्थेनं 2000 पासून नव्या लोकांना पैसे देऊन केलेले माहितीपटही तिथंच आहेत. नीरज घेवानची 'जूस' तुम्ही बघितली असेल. नसेल तर आज बघा आणि आईला सोबत घेऊन बघा. आमच्याकडं ती संपल्यावर एक मावशी एवढंच म्हणाल्या, "आमच्या स्वयंपाकघरात कुणी कॅमेरा लावला हुता?"

कोल्हापुरात आहात तर घराबाहेरही पडा. कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटीचे कार्यक्रम आणि किफ, म्हणजे आपला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, चुकवू नका. दसरा चौकातल्या शाहू स्मारकच्या पायऱ्यांवर फिल्मनंतर जी चर्चा रंगते तिथं मला सगळ्यात जास्त नावं मिळाली आहेत. वही घेऊनच जा.

फिल्म आवडली की दिग्दर्शकाला चार ओळी लिहा. नव्या माणसाला त्याचं काय मोल असतं ते मी बघितलंय. सुरुवातीला मी एक फिल्म न विचारता चारचौघांत दाखवली होती. नेटवर आहे म्हणजे चालतं, असं वाटलं होतं. नंतर त्या मुलीला कळवलं तेव्हा तिनं शांतपणे लिहिलं, "आधी विचारलं असतं तर चांगली प्रत पाठवली असती." त्यानंतर परवानगीशिवाय एकही फिल्म लावलेली नाही. पैसे फार थोड्यांनी मागितले. एकीनं फक्त प्रेक्षकांचा फोटो मागितला, समोरून काढलेला, चेहरे दिसतील असा. फिल्म तिच्या मावशीच्या पानटपरीवर होती आणि तिला तो फोटो मावशीला दाखवायचा होता.

एक काळजी माझ्या मनात कायम असते, ती तुम्हालाही सांगते. खरी कॉर्नरच्या कॅमेऱ्याच्या स्तंभावरून आपण रोज जातो. बाबूराव पेंटरांनी इथं स्वतः कॅमेरा घडवला, 1925 ला सावकाराच्या पाशात अडकलेल्या शेतकऱ्यावर 'सावकारी पाश' काढला. आज त्याची प्रत कुठंही नाही. इथंच 1929 ला उभी राहिलेली प्रभात फिल्म कंपनी 1933 ला पुण्याला गेली आणि त्याच आवारात पुढं फिल्म इन्स्टिट्यूट आली, म्हणजे वर सांगितलेली काही नावं आपल्याच गावच्या धाग्यातली आहेत. पण आजची फिल्म हरवायला आग लागावी लागत नाही की फीत कुजावी लागत नाही. दिग्दर्शकानं खातं बंद केलं, गाण्याच्या हक्कावरून कुणी तक्रार केली, की लिंक गेली. माझ्या वहीत अशा सोळा फिल्म आहेत ज्या मी एकदा बघितल्या आणि आता उघडत नाहीत. म्हणून चांगली फिल्म सापडली की "रविवारी बघू" म्हणू नका. त्याच रात्री बघा आणि काय दिसलं ते दोन ओळीत लिहून ठेवा. त्या सोळांबद्दल माझ्याकडं आता तेवढ्याच ओळी उरल्या आहेत.

बघताना एका बैठकीत दोन, फार तर तीन. मोबाइलवर बघणार असाल तर कानाला हेडफोन हवा. छोट्या पडद्यावर चित्राचं थोडं नुकसान होतं, पण आवाजाचं फार होतं. मध्ये थांबवायचं नाही. पंधरा मिनिटांच्या फिल्ममध्ये पहिली चार मिनिटं काहीच घडत नाही असं वाटलं तरी बसून राहा. दिग्दर्शकाकडं वेळ इतका कमी असतो की त्यानं ती चार मिनिटं उगाच खर्च केलेली नसतात.

आणि शेवटच्या शनिवारी संध्याकाळी मोकळे असाल तर या साइटवरूनच मला निरोप टाका, तालमीचा पत्ता कळवते. या महिन्यात 'गिरणी' आहे. आमच्या गल्लीतले गिरणीवाले काका पहिल्यांदाच येणार आहेत, आणि त्यांना ती कशी वाटते हे मलाही बघायचंय.