सोलापुरात स्विफ्टसाठी बारीक स्टेपनी कुठे मिळेल?

सेकंडहँड घेतलेली स्विफ्ट झेडएक्सआय, १८५/६५ आर १५ चे टायर, डिकीत बाहेरून बसवलेला सीएनजीचा सिलिंडर आणि स्टेपनी गायब. घरच्यांना घेऊन पंढरपूर-तुळजापूर करायचं, म्हणून परदेशी गाड्यांत असते तशी बारीक, डोनट स्टेपनी हवी, सिलिंडरच्या बाजूला मावेल अशी. तुमचा प्रश्न एवढाच ना?

मी टायर-अलाइनमेंटच्या कामात आहे. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाड्या वाढल्यापासून हा प्रश्न आमच्याकडे अधूनमधून येतोच. तशी डोनट स्टेपनी सोलापुरात मी तरी कुठल्या काउंटरवर ठेवलेली पाहिलेली नाही. पण त्यावाचून तुमचं काम अडणार नाही. फक्त टायर शोधत फिरू नका, आधी रिम, म्हणजे टायर ज्यावर चढतो ती धातूची चकती, शोधा. टायर कुणीही मागवून देईल. रिम चुकली तर टायर कितीही भारी असो, चाक हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या भागाला ते नटांनी आवळतात त्यावर, बसणार नाही, आणि बसलं तरी फिरेल याची खात्री नाही.

त्याच्याही आधी एक करा. डिकीतलं कार्पेट उचला आणि सिलिंडरच्या स्टँडखाली टॉर्च मारा. किट बसवताना काही फिटर स्टेपनी तिच्या खड्ड्यातच ठेवतात आणि वरून स्टँड बोल्ट करून टाकतात. मग सिलिंडर उतरवल्याशिवाय ती निघत नाही, म्हणजे असून नसल्यासारखी. जुना मालक सांगायला विसरतो, एजंटला तर माहीतच नसतं. सापडली तर सगळा खर्च वाचला. मात्र सिलिंडर स्वतः हलवायच्या भानगडीत पडू नका, गॅसची लाइन सोडवणं हे किटवाल्याचंच काम. सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी करून घ्यावीच लागते. प्लेटवरची तारीख बघा, जवळ आली असेल तर टेस्टसाठी सिलिंडर उतरेल त्याच दिवशी खड्डा रिकामा करून घ्या.

आता डोनटबद्दल, कारण त्यात लोकांची एक समजूत हमखास चुकते. त्या टायरवर मापाच्या आधी टी असतो, उदाहरणार्थ टी १२५/७० डी १५. टी ही तात्पुरत्या वापराची खूण. त्यात हवा ६० पीएसआय भरायची, म्हणजे आपल्या नेहमीच्या टायरच्या जवळजवळ दुप्पट, आणि वेग ८० च्या आत ठेवायचा. एवढ्या हवेवर तो कडक भाकरीसारखा टणक होतो, रस्त्यातला प्रत्येक खडा बुडाला कळतो. असो, तो त्रास तासाभराचा. खरी मेख घेरात आहे. डोनटमुळे जाडी वाचते, घेर फारसा वाचवता येत नाही.

हिशोब करून बघा. तुमच्या टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, १८५ च्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १२० मिमी. वरची आणि खालची मिळून २४०. त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिळवले की चाकाची उंची ६२१ मिमी. टी १२५/७० डी १५ चा असाच हिशोब केला तर येतात ५५६. साडेसहा सेंटिमीटरचा फरक, दहा टक्क्यांहून जास्त. असं चाक पुढे लावलं तर ते शेजारच्या चाकापेक्षा सतत जास्त फेरे मारणार, डिफरन्शियल, म्हणजे वळणावर दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गिअर, सरळ रस्त्यावरसुद्धा वळणावर असल्यासारखं घासत राहणार, आणि एबीएसचा (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला तर नवल नाही. उंची जुळवायला गेलात तर टी १२५/८० डी १६ सारखं काहीतरी लागतं, ते ६०६ मिमी होतं. म्हणजे फिरून साठ सेंटिमीटरची तबकडी आलीच, फक्त पातळ. सिलिंडरच्या बाजूला तेवढी उंची मिळत नसेल तर मुंबईहून डोनट आणूनही ती डिकीत बसायची नाही.

म्हणून खोक्याचा पुठ्ठा घ्या आणि ६२ सेंटिमीटरचा गोल कापा. सिलिंडर आणि मागच्या सीटच्या मधे, डाव्या-उजव्या बाजूला, तिरका, उभा, सगळीकडे धरून बघा, डिकीचं दार लावून बघा. दहा मिनिटांत कळेल की अडचण जाडीची आहे की उंचीची. जाडीची असेल तर पुढचं वाचा. उंचीची असेल तर थेट पंक्चर किटच्या परिच्छेदाला या.

जाडीच्या अडचणीला मारुतीनेच उत्तर देऊन ठेवलंय. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ चे टायर आणि लोखंडी रिम येते. त्याची उंची काढा : १३२ दुणे २६४, अधिक ३५६, म्हणजे ६२० मिमी. तुमच्या चाकापेक्षा जेमतेम एक-दोन मिलिमीटर कमी, आणि रुंदीला दोन सेंटिमीटर बारीक. डोनटइतकी पातळ नाही, पण उंची तीच असल्यामुळे ती पुढे लावा, मागे लावा, डिफरन्शियलची चिंता नाही. नेहमीच्या हवेवर चालते आणि कुठल्याही पंक्चरवाल्याला कळते. तुमच्या जागी मी असतो तर हीच घेतली असती.

याहून बारीक हवी म्हणून काही जण ऑल्टोवाली १४५/८० आर १३ सुचवतील. स्वस्त पडते, डिकीतही सहज जाते. पण तिची उंची ५६२, म्हणजे डोनटचीच अडचण परत आली. शिवाय टायरवर मापाच्या शेवटी जो भारांक असतो तो बघा. १६५/८० आर १४ ला साधारण ८५ असतो, त्याचा अर्थ एका टायरवर ५१५ किलो. १४५/८० आर १३ ला ७५, म्हणजे ३८७ किलो. मागे भरलेला सिलिंडर, सीटवर तीन माणसं, वर तुळजापूरची परडी आणि पिशव्या. तो टायर अगदी काठावर चालणार. त्यात १३ इंची रिमच्या आत तुमच्या पुढच्या ब्रेकचा कॅलिपर (ब्रेकची डिस्क पकडणारा भाग) मावेल का, हा वेगळाच प्रश्न. मी नाही बसवून देणार.

रिम बघायला गेलात की चार गोष्टी. पहिली, नटांची भोकं. स्विफ्टला चार भोकं, समोरासमोरच्या दोन भोकांच्या केंद्रांत १०० मिमी अंतर. टेपने सहज मोजता येतं. फोर्ड फिगोची भोकंही चारच, पण अंतर १०८, नजरेला फरक कळत नाही आणि बसत तर नाहीच. नॅनोला आणि सुरुवातीच्या क्विडला तीन भोकं, जुन्या पोलोला पाच. दुसरी, मधलं भोक. स्विफ्टचं ५४ मिमीच्या आसपास, आय १० आणि आय २० चंही तेवढंच, म्हणून ह्युंदाईची रिम हबवर चढते.

तिसरी गोष्ट नटाची बैठक, आणि ही दुकानदारही सांगत नाहीत. होंडाच्या जाझ, अमेझच्या रिमला भोकं चार आणि अंतर १०० च, त्यामुळे कुणीतरी ‘बसते की ओ’ म्हणून हातात देईल. पण होंडाच्या नटाची बैठक गोल, वाटीसारखी खोलगट असते आणि मारुतीचा नट निमुळता. निमुळता नट वाटीत एका पातळ कडेवरच टेकतो. हाताला घट्ट लागतो, पन्नास किलोमीटरवर सैल होतो. होंडाची रिम फुकट मिळाली तरी नको.

चौथी, रिम किती आत-बाहेर बसते. हे कागदावर बघत बसण्यापेक्षा चाक प्रत्यक्ष चढवून बघा. पुढच्या डाव्या बाजूला चढवा, चारही नट आवळा, गाडी जॅकवरच ठेवून चाक हाताने फिरवा आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा. कॅलिपर आणि रिमच्या मधे बोटाचं नख तरी जायला हवं. स्विफ्ट किंवा डिझायरचीच रिम असेल तर हे सगळं दोन मिनिटांत उरकतं, म्हणून शक्यतो तीच शोधा. रिमच्या मागच्या बाजूला १४ × ५ जे असा छाप असतो.

कुठे शोधायची? सगळ्यात चांगली जागा म्हणजे अलॉय, म्हणजे हलक्या मिश्रधातूच्या शोभेच्या रिम, बसवून देणारी दुकानं. नवी स्विफ्ट, डिझायर घेतलेली पोरं पहिल्याच महिन्यात कंपनीच्या लोखंडी रिम काढून अलॉय घालतात, आणि त्या रिम दुकानाच्या मागे रचून पडलेल्या असतात, कधीकधी टायरसकट. अशी जवळजवळ कोरी रिम भंगारच्या भावाच्या थोडी वर मिळून जाते. होटगी रोड, विजापूर रोड, पुणे नाका, सगळीकडे फिरायची गरज नाही. ओळखीच्या दोन दुकानांत ‘स्विफ्टची चौदाची डिस्क आली की फोन करा’ एवढं सांगून ठेवा, दुकानात रिमला डिस्कच म्हणतात. घाई असेल तर मारुतीच्या पार्ट काउंटरवर नवीन लोखंडी रिम मागवता येते, अलॉयच्या मानाने बरीच स्वस्त. भंगारवाल्याकडून घेतलीत तर साधं का होईना, बिल घ्या, चोरीची चाकं फिरत असतात. पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईत कुर्ल्याला जायचं मनात असेल तर दुसऱ्या कामाला जाताना जा, एका रिमसाठी अडीचशे किलोमीटर कशाला? तिकडे खऱ्या डोनट दिसतील, पण त्या बहुतेक मोठ्या परदेशी गाड्यांच्या, पाच भोकांच्या. अडॅप्टर लावून बसवतो म्हणणाऱ्याला हात जोडा.

जुनी रिम घेतली की पैसे द्यायच्या आधी बॅलन्सिंग मशीनवर चढवून फिरवायला लावा. कडेशी पेन स्थिर धरायचं. रिम सरळ असेल तर पेन आणि कडेतली फट सारखी राहते, वाकडी असेल तर फट उघडमीट करते. टायर जिथे रिमला चिकटतो तिथला गंज तारेच्या ब्रशने काढून घ्या, नाहीतर ट्यूबलेसची हवा तिथून आठवड्याभरात उतरते. टायर जुना घेणार असाल तर साइडवॉलवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सोलापूरच्या उन्हाळ्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत रबर न वापरताच म्हातारं होतं, त्यामुळे जाळी, म्हणजे रस्त्याला टेकणारी नक्षी, भरपूर दिसतेय म्हणून भुलू नका, साइडवॉल वाकवून बारीक चिरा बघा.

ठेवताना काळजी एकच, पण मोठी. टायर-रिम मिळून चांगलं वजन होतं, आणि सिलिंडरच्या एका टोकाला व्हॉल्व्ह असतो. जोरात ब्रेक लागला आणि सुटी स्टेपनी त्यावर आदळली तर काय होईल ते सांगायला नको. स्टेपनी व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूला उभी ठेवा आणि बॉडीला बोल्ट केलेल्या पट्ट्याने आवळा. सिलिंडरला किंवा त्याच्या स्टँडला बांधू नका, गॅसच्या पाइपला टेकू देऊ नका. किटवाल्याकडून छोटा हूक लावून घेतला की झालं. हवेचं तोंड बाहेरच्या बाजूला ठेवा, म्हणजे पंपावर स्टेपनी न काढता हवा तपासता येते. नाहीतर कुणी तपासत नाही.

आता पंक्चर किट. स्टेपनी मावणारच नसेल तर पट्टीचं किट आणि लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा कंप्रेसर हाच पर्याय. खिळा, स्क्रू, बाभळीचा काटा यांच्यासाठी पुरतो. जाळीत घुसलेला खिळा काढून पट्टी मारणं पंक्चरवाल्याकडे एकदा बघितलं की जमतं. साइडवॉल फाटली तर मात्र त्याचा काही उपयोग नाही, आणि खड्ड्यात आपटून साइडवॉल जाणं आपल्याकडे नवीन नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून, टायरच्या हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्ती किट असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्यांना स्टेपनीची सक्ती राहिलेली नाही. तुमच्या गाडीत ती यंत्रणा नसेल तर या सवलतीवर विसंबू नका. रात्री-बेरात्री घरच्यांना घेऊन निघणाऱ्याने नियम काहीही म्हणो, स्टेपनी ठेवावी असं माझं मत.

एक राहिलं. ज्या गाडीतून स्टेपनी गेली, तिच्यातून जॅक आणि पानाही गेलेला असतो. स्विफ्टच्या नटांना १९ चा पाना लागतो. ह्युंदाईवाल्या मित्राचा २१ चा चालणार नाही. आणि आत्ताचे अलॉय कंपनीचे नसून बाहेरून बसवलेले असतील तर त्यांचे नट वेगळे असू शकतात, लोखंडी रिमला ते नीट बसत नाहीत. तसं असेल तर कंपनीचे चार निमुळते नट एका पिशवीत घालून जॅकसोबतच ठेवून द्या.