व्हीआर (आभासी जग दाखवणाऱ्या) हेडसेटवर गेम खेळताना मळमळतं. सवयीने हे थांबतं का?

बहुतेकांचं थांबतं, पण रेटून खेळल्याने नाही. डोळ्यांना दिसतं की आपण पळतोय, आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण जागेवरच आहोत. मळमळ या गोंधळातून येते. म्हणून सुरुवातीला तुम्ही जागेवर उभे आणि वस्तू तुमच्याकडे येतात असेच गेम घ्या. बीट सेबर, म्हणजे गाण्याच्या तालावर समोरून येणारे ठोकळे कापायचा गेम, त्यासाठी फार चांगला. हातातल्या कंट्रोलरच्या स्टिकने चालायचे किंवा विमान उडवायचे गेम नंतर. मी पहिल्याच दिवशी अंतराळयानाचा गेम तासभर खेळत बसलो आणि रात्री जेवणही गेलं नाही. दहा-पंधरा मिनिटं पुरेत. अस्वस्थ वाटलं की त्याच क्षणी हेडसेट काढा, 'ही लेव्हल संपवतो' म्हणू नका.

हेडसेटच्या दोन भिंगांमधलं अंतरही तपासा. मोठ्या माणसाच्या बुबुळांमधलं अंतर सरासरी 63 मिलिमीटर असतं, पण प्रत्येकाचं वेगळं. हे जुळलं नाही तर चित्र धूसर दिसतं, डोळे दुखतात. घरात एकच हेडसेट सगळे वापरत असतील तर दर वेळी बदलावं लागतं, आणि नेमकं हेच लोक विसरतात. रिफ्रेश रेट (स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटतं ते) 90 हर्ट्झ किंवा जास्त ठेवता आला तर ठेवा.

वजनाचं म्हणाल तर मेटा कंपनीचा क्वेस्ट 3 हेडसेट सुमारे 515 ग्रॅमचा आहे, तेही वजन बरंचसं पुढच्या बाजूला. मागे आधार देणारा पट्टा घेतल्यावर माझ्या गालांवरचा दाब खूप कमी झाला.

आणि हेडसेट उन्हात उघडा ठेवू नका. भिंगातून ऊन एकवटून आतला स्क्रीन कायमचा जळतो.