फीट, आकडी, फेफरं, अपस्मार: कोणता शब्द कुठे?

भाचीच्या रिपोर्टवर ‘फोकल सीझर’ लिहून आलंय, घरात कुणी त्याला आकडी म्हणतं, कुणी फेफरं, आजी मिरगी म्हणते. मग नेमकं काय म्हणायचं, असा प्रश्न मला विचारलाय.

अपस्मार (मिरगीही) हे आजाराचं नाव. आकडी किंवा फीट (इंग्रजीत सीझर) म्हणजे त्या वेळी जे घडतं ते. तापात बाळाला आकडी आली म्हणून त्याला अपस्मार झाला असं होत नाही. उघड कारण नसताना, २४ तासांहून जास्त अंतरानं दोन फिटा आल्या की डॉक्टर सहसा ते नाव घेतात.

फेफरं म्हटलं की धाडकन पडणं, हातपाय झाडणं, तोंडाला फेस, एवढंच डोळ्यापुढे येतं. हा फक्त एक प्रकार, टॉनिक-क्लोनिक. बाकीच्यांना आपल्या बोलीत नावच नाही आणि हे मला फार खुपतं. शुद्धलेखन लिहिताना पोरगं ‘पाऊ’पर्यंत येतं, पेन्सिल थांबते, नजर शून्यात. दहाएक सेकंदांनी ‘स’ लिहून पुढे चालू. बाई म्हणतात, लक्ष नसतं. ही ॲबसेन्स फीट, मेंदूच्या दोन्ही बाजूंना पसरलेली. फोकल फीट मेंदूच्या एका बाजूला सुरू होते. तीतही मूल टक लावून बसू शकतं, पण मिनिट-दोन मिनिटं. ओठ चाटतं, फ्रॉकच्या बटणाशी चाळा करतं, नंतर गोंधळलेलं असतं. घरचे दोन्हींना ‘तंद्री’ म्हणतात. पण फोकलवर चालणारं कार्बामाझेपिन हे औषध ॲबसेन्स वाढवू शकतं!

फोकलमध्ये पुढचा प्रश्न: शुद्ध होती का? फिटांच्या १९८१च्या वर्गीकरणातली ‘सिंपल पार्शल’ (शुद्ध असलेली), ‘कॉम्प्लेक्स पार्शल’ (शुद्ध नसलेली) ही नावं २०१७मध्ये गेली, पण हा प्रश्न राहिला. डोळे उघडे ठेवून बसलेल्या मुलीची ‘शुद्ध हरपली’ म्हणणं मराठी कानाला पटत नाही. इथे ‘भान’ चपखल बसतं. गंमत म्हणजे अपस्मार शब्दात स्मृती दूर जाणंच आहे, आणि काही फोकल फिटांत मात्र नुसता हात उडतो, माणसाला सगळं आठवतं.

मी ‘फीट’ म्हणेन. त्या शब्दाला पडण्याचं किंवा फेसाचं चित्र चिकटलेलं नाही. भाचीसाठी ‘एका बाजूची फीट’ म्हणा, आणि सोबत ‘भान राहून’ की ‘भान जाऊन’ हे जरूर सांगा.