दबुलेनीला जाताय? मग हे आधी वाचा

दबुलेनी पाहायचं तर जुलैअखेर ते ऑगस्टमध्येच जा. रोमानियाच्या दक्षिणेला, डॅन्यूबजवळच्या दोल्झ जिल्ह्यातलं हे गाव कलिंगडांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. तिथली जमीन वाळूची आहे. वाळू लवकर तापते, म्हणून फळ लवकर तयार होतं. पण तीच वाळू पाणी धरत नाही. म्हणूनच १९७०च्या दशकात सादोव्हा-कोराबिया सिंचन योजना उभी राहिली. १९८९नंतर तिची पुरती हेळसांड झाली आणि वाळू अडवणारी झाडंही तोडली गेली. हे माझ्या मनाला फार लागतं.

शेतांच्या कडेला बाभळीसारखी पांढऱ्या फुलांची काटेरी झाडं दिसतील. ती नुसती सावलीची समजू नका. उडती वाळू त्यांनीच अडवून धरली आहे. त्यांच्या फुलांचा मधही घ्या.

वाळूतल्या पिकांचं संशोधन केंद्र इथेच आहे. तिथे रताळी आणि भुईमुगावरही काम होतं. आपल्याकडच्या शेतकऱ्याला तर ते बघायलाच हवं, आधी विचारून जा.

कलिंगड घेताना जमिनीला टेकलेला डाग पाहा. तो पिवळसर हवा, पांढरट असेल तर ठेवून द्या. देठाजवळचा तणावा, म्हणजे वेलीचा गुंडाळलेला तंतू, वाळलेला असला की बिनधास्त घ्या.