सगळी उत्तरं दहानेच का चुकतात?

“मॅडम, शाळेत नुसत्या काड्या आणि मणी. वही बघाल तर अर्धी कोरी. परवा घरी साधी ४३ वजा १७ दिली, तर १६ लिहून मोकळा. हे नवीन शिक्षण म्हणजे पोराचं नुकसानच नाही का?”

तिसरीतल्या ओंकारच्या (नाव बदललं आहे) आईने माझ्याकडे केलेली ही तक्रार. पहिल्या सत्राची प्रगतिपुस्तकं घरी पोचली की दिवाळीनंतर ती हमखास कुणाची ना कुणाची येते. या घरात तिघांची तीन मतं होती. बाबांना शाळा बदलायची होती. आईच्या मनात शिकवणी होती. पतसंस्थेतून निवृत्त झालेले आजोबा म्हणत होते, पावकी-निमकी (पाव-अर्ध्याचे पाढे) सोडाच, पोराला साधा बाराचा पाढा येत नाही, आणि याला तो ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलाने स्वतः करून, समजून शिकायची ती पद्धत, जबाबदार.

प्रगतिपुस्तकात गणिताला ब-२ होता, म्हणजे ६१ ते ७० टक्के. बाबांचा हिशेब असा की यातले कृतीचे मार्क फुकटचे, खरी अवस्था याहून वाईट. हा हिशेब पूर्ण चुकीचा नव्हता. राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि तिसरी-चौथीला आकारिक मूल्यमापनाला ६० तर सत्राअखेरच्या संकलित मूल्यमापनाला ४० टक्के भारांश मिळाला. आकारिकमध्ये तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय असं बरंच काही येतं. सगळ्याची बेरीज होऊन एकच श्रेणी हातात पडते. तोंडी चांगलं आणि लेखी कच्चं असलेल्या मुलाचा ब-२ आणि याच्या नेमका उलट असलेल्या मुलाचा ब-२ कागदावर सारखेच दिसतात. म्हणून श्रेणीवरून काही ठरवण्याआधी मुलाच्या हातात पेन्सिल द्यावी लागते.

मी ओंकारला सहा वजाबाक्या दिल्या. त्याने लिहिलेली उत्तरं अशी: ४३ – १७ = १६, ६२ – २५ = २७, ५८ – २३ = ३५, ८१ – ४६ = २५, ९७ – ५२ = ४५, ७० – ३४ = २६.

दोन बरोबर, चार चूक. पालक इथेच थांबतात आणि “सहापैकी दोन” म्हणतात. पण चुकलेली चारही उत्तरं पुन्हा बघा. खरी उत्तरं २६, ३७, ३५ आणि ३६. प्रत्येक वेळी बरोबर दहाने कमी. आणि जिथे एककातून एकक सरळ जातात, त्या दोन्ही बरोबर. धांदरट मूल असं चुकत नाही, त्याच्या चुका चारी दिशांना पडतात. एकाच मापाने चुकणारं मूल कुठला तरी नियम इमानाने पाळत असतं. तो नियम ऐकायचा एकच मार्ग: पुढचं उदाहरण मोठ्याने बोलत करायला सांगायचं आणि मध्ये तोंड उघडायचं नाही.

४३ – १७ पुन्हा करताना तो बोलला ते असं: “तीनातून सात जात नाहीत. दशक सुटा केला. चाराचे तीन. तेरातून सात गेले, सहा. हातचा एक. एक आणि एक दोन. तीनातून दोन गेले, एक.”

यातली पहिली चार वाक्यं शाळेची आहेत, ‘हातचा एक’पासून पुढचं आजोबांचं.

शाळेत आता वजाबाकी दशक सुटा करून शिकवतात. ४३ म्हणजे ४ दशक ३ एकक. त्यातला एक दशक मोडला की ३ दशक १३ एकक. तेरातून सात गेले सहा, तीन दशकांतून एक गेला दोन, उत्तर २६. आजोबांच्या पिढीची रीत वेगळी: तीनाचे तेरा करायचे, वरच्या चाराला हात लावायचा नाही, हातचा एक खालच्या एकात मिळवायचा, आणि चारातून दोन काढायचे. उत्तर तेच, २६. ही पाठांतराची हातचलाखी नव्हे, तिच्यामागेही पक्कं गणित आहे. वरच्या संख्येत दहा एकक आणि खालच्या संख्येत एक दशक, म्हणजे दोन्हीकडे दहा-दहा मिळवले, तर फरक बदलत नाही. आजोबा आणि नातू यांच्या वयातलं अंतर दहा वर्षांनीही तेवढंच राहतं, तसं. शाळेची रीत बरोबर, घरची रीतही बरोबर. ओंकार दोन्ही एकदम वापरत होता. वरचा दशक कमी केला आणि खालचा वाढवला, म्हणून दहा दोनदा गेले.

मग त्याच्यासमोर काड्या ठेवल्या. त्याने दहा-दहाचे चार गठ्ठे आणि तीन सुट्या मांडल्या, एका गठ्ठ्याचं रबर काढलं, सतरा बाजूला केल्या आणि उरलेल्या मोजल्या: सव्वीस. वहीत सोळा, टेबलावर सव्वीस. “कुठलं बरोबर?” “वहीतलं.” “का?” “ते गणित आहे. ह्या काड्या आहेत.”

घरच्या तिन्ही मतांपेक्षा या उत्तराने जास्त सांगितलं. त्याच्या डोक्यात काड्यांचा खेळ आणि वहीतलं गणित हे दोन वेगळे तास होते, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६०च्या दशकात मांडलं की माणूस एखादी गोष्ट तीन रूपांत धरून ठेवतो: हाताच्या कृतीत, चित्रात आणि चिन्हात. प्राथमिक गणितातली वस्तू, मग चित्र, मग अंक ही चढण या विचाराशी जुळणारी आहे. आपल्याकडे फसतं ते मधल्या पायरीवर. काड्या होतात, फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी फळ्यावर उभी मांडणी येते. चित्राची पायरी गाळली जाते आणि काडीची कुठली हालचाल म्हणजे वहीतला कुठला अंक, हे कुणी जोडून दाखवत नाही.

आईच्या संमतीने वर्गशिक्षिकांशी फोनवर बोलणं झालं. वर्गात ३८ मुलं, गणित पेटीचे संच दोन. प्रत्येक मुलाच्या हातात गठ्ठा पूर्ण सत्रात दोन-तीनदाच आला असेल, असं त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. एक मूल करतं आणि सदतीस बघतात, याला कृतियुक्त शिक्षण म्हणणं अवघड आहे. रंगवलेल्या भिंती आणि तळफळा (भिंतीच्या तळाशी मुलांसाठी केलेला फळा) यांनी हे भरून निघत नाही. पण यावर उपाय शाळा बदलणं हा नव्हता, कारण पुढच्या शाळेत चकचकीत वही मिळाली असती आणि हातचा तसाच राहिला असता.

घरच्यांना सहा आठवड्यांचं काम दिलं. साहित्य: खराट्याच्या शंभर काड्या सारख्या लांबीच्या कापून, दहा रबरबँड, एक चौकटीची वही. वेळ रोज बारा मिनिटं, गजर लावून. तीन ते पाच उदाहरणं, त्याहून एकही जास्त नाही.

पहिला आठवडा फक्त काड्या, पेन्सिल बंद. यात एक बारकावा आहे. गठ्ठा देऊन डब्यातून दहा सुट्या घेणं आणि गठ्ठ्याचं रबर स्वतः काढणं, दोन्हीचं उत्तर एकच, तरी सुरुवात रबर काढण्यानेच करायची. अदलाबदलीत मुलाला वाटतं की नव्या काड्या आल्या. रबर काढताना दिसतं की तेच दहा मोकळे झाले, संख्या तेवढीच आहे. दुसरा बारकावा: ४३ मांडल्यावर मूल एक-दोन-तीन करत त्रेचाळीसपर्यंत मोजायला लागलं, तर गठ्ठा त्याच्यासाठी अजून ‘दहा’ झालेला नाही. अशा मुलाची वजाबाकी थांबवून चार-पाच दिवस नुसते गठ्ठे बांधणं आणि दहा, वीस, तीस म्हणणं करावं. ओंकारला याची गरज पडली नाही.

दुसरा आठवडा चित्राचा. गठ्ठ्यासाठी उभी रेघ, सुट्या काडीसाठी ठिपका. गठ्ठा सोडला की रेघ खोडायची आणि शेजारी दहा ठिपके काढायचे. काढून घेतलेल्यांवर काट. पालकांना हे बालवाडीसारखं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी ते “आता कळलंय त्याला” म्हणून पुढे उडी मारतात. या आईनेही मारली. गुरुवारी थेट उभी मांडणी दिली आणि १६चा भाऊबंद परत आला. पुन्हा दोन दिवस मागे जावं लागलं.

तिसऱ्या आठवड्यापासून वहीची दोन पानं समोरासमोर: डावीकडे रेघा-ठिपके, उजवीकडे अंक. नियम एकच. डावीकडे एक हालचाल, लगेच उजवीकडे एक खूण. रेघ खोडली की चारावर काट मारून तीन. दहा ठिपके आले की तीनाचे तेरा. ‘हातचा’ म्हणायची पाळी आली की आईने एवढंच विचारायचं, “हा एक चित्रात कुठे आहे, दाखव.” त्याला तो दाखवता येईना, आणि जे चित्रात नाही ते अंकात लिहायचं नाही, हे तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याचं त्यालाच पटलं.

आजोबांची समजूत हा वेगळा विषय होता. त्यांना गप्प बसवलं असतं तर घरात शीतयुद्ध झालं असतं. त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, हातात वस्तू देऊन शिकवणं ही कालची टूम नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी नूतन बालशिक्षण संघ १९२६ साली काढला आणि ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं. दुसरी, तुमची रीत बरोबर आहे, पण ती सहा आठवडे कपाटात ठेवा. नातवाची एक रीत पक्की झाली की तुमची दुसरी म्हणून दाखवा, वयाच्या अंतराचं उदाहरण देऊन.

आजोबांशी बोलताना आणखी एक अडचण निघाली. ते “त्रेचाळीस” म्हणाले की ओंकार कधी कधी ३४ लिहायचा. मराठीत आकडा बोलताना एकक आधी येतो, लिहिताना दशक. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा किती गदारोळ झाला, ते आठवत असेल. त्या वेळी गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. थट्टा खूप झाली, पण अडचण खरी आहे. घरी काही आठवडे “त्रेचाळीस, म्हणजे चाळीस आणि तीन” असं दोन्ही म्हटलं की काम भागतं. त्रेचाळीस सोडून द्यायची गरज नाही, बाजारात तेच चालतं.

पाढ्यांच्या बाबतीत मात्र आजोबांची बाजू घ्यावी लागली. समजून शिकवायचं म्हणून पाठांतर वर्ज्य, हा ज्ञानरचनावादाचा चुकीचा अर्थ बऱ्याच शाळांत रूढ झाला आहे. पुढे भागाकार करताना मूल सहा सत्ते शोधण्यात गुंतलं तर मूळ उदाहरण डोक्यातून निसटतं. क्रम फक्त बदलायचा: आधी दोन, पाच, दहा, मग चार आणि तीन. रोज पाच मिनिटं, वजाबाकीच्या वेळेत नाही, आणि सरळ म्हणून झालं की मधूनच विचारायचं. “चार सत्ते?” म्हटल्यावर जो चार एके चारपासून सुरू करतो, त्याला पाढा म्हणता येतो, वापरता येत नाही.

पालकसभेत “किती मार्क?” ऐवजी शिक्षकांना वर्णनात्मक नोंदी दाखवायला सांगा आणि विचारा, “वजाबाकी तो वस्तूंवर करतो, चित्रावर की अंकांवर?” या आईने विचारलं. बाईंनी पुढच्या आठवड्यापासून प्रत्येक बाकावर खराट्याच्या काड्यांचे संच ठेवले, खर्च जवळपास शून्य.

हे सगळं प्रत्येक मुलाला लागू पडत नाही. दोन-तीन महिने असा नेमाने सराव होऊनही आठ मोठे की सहा हे सांगायला बोटं मोजावी लागत असतील, तीन-चार ठिपके एका नजरेत ओळखू येत नसतील, कालची पायरी आज कोरी होत असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत सवलती मिळू शकतात. ओंकारच्या बाबतीत तशी एकही खूण नव्हती.

पाचव्या आठवड्यात आईचा घाबरा फोन आला. ३०२ वजा १४७ चं उत्तर त्याने १६५ लिहिलं होतं, १५५ ऐवजी. म्हणजे यावेळी दहाने जास्त. मधे शून्य आलं की असं होतंच: दशक सुटा करायला दशकच नाही, म्हणून शतक मोडलं, त्याचे दहा दशक झाले, त्यातला एक मोडून दोनाचे बारा केले, पण मधल्या घरात दहाच राहू दिले. आईला सांगितलं, चूक दाखवू नका, फक्त चित्र काढायला सांगा आणि मधल्या रेघा मोजायला लावा. थोड्या वेळाने तिचा मेसेज आला. त्याने दहा रेघांतली एक खोडली, मोजल्या आणि म्हणाला, “दहा नाहीत गं, नऊच आहेत. एक तर मीच सोडला.”