क्लास कुणी लावायचा?

प्रश्न : सिस्टर, मी मानेवाड्याला राहते, बँकेत नोकरी करते. पहिलंच बाळंतपण आहे, सव्विसावा आठवडा चालू आहे. माझी आई आता नाही, त्यामुळे माहेरी न जाता इथेच, घराजवळच्या खासगी दवाखान्यात बाळंत होणार. तयारीचा क्लास लावायचाय, पण तीन ठिकाणी चौकशी करून डोकं भणभणलंय. एक धरमपेठेत, गर्भसंस्काराचा, बारा आठवडे, ८,५०० रुपये. ‘हवं तसं बाळ’ असं त्यांच्या पत्रकावर छापलंय. दुसरा मोबाइलवरचा, कळा सोसायला शिकवतात त्या लमाझ श्वसनाचा, आपल्या सवडीनं बघायचा. तिसरा आमच्याच दवाखान्यात, दोन रविवार, फुकट. तिथली लेबर रूमची सिस्टर आणि एक फिजिओथेरपिस्ट शिकवतात. नवरा बुटीबोरीला, शिफ्ट ड्युटी. सासूबाई म्हणतात, आम्ही काय क्लास लावून बाळंत झालो? कोणता निवडू?
(एक वाचक, मानेवाडा)

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. फी, वेळ, अंतर, सगळं लिहिलंस. एकच राहिलं. कळा सुरू झाल्यावर त्या खोलीत तुझ्याजवळ कोण असणार? निवड तिथून सुरू कर. आधी दवाखान्यात विचारून ये, की लेबर रूममध्ये घरचं माणूस थांबू देतात का, पूर्ण वेळ का, रात्रीसुद्धा का. मग ज्या क्लासला ते माणूस तुझ्या शेजारी बसून शिकेल, तो क्लास लाव.

हे मी कुठल्या पत्रकात वाचून सांगत नाही. नागपुरातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये माझी एकतीस वर्षं गेली. सुरुवातीची कित्येक वर्षं आत घरचं कुणीही चालत नसे. मे महिन्यातली एक रात्र अजून डोळ्यांसमोर आहे. शिकलेली मुलगी होती, सीडी बघून श्वसन घरी पाठ केलेलं. पहिल्या कळेपासून तिनं भराभर श्वास घ्यायला सुरुवात केली. तासाभरानं ओठांना मुंग्या, बोटं आखडलेली. “सिस्टर, मला लकवा मारतोय,” म्हणून रडायला लागली. लकवा वगैरे काही नव्हतं. फार जलद श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि असं होतं. मी तिचा हात धरला, म्हटलं, नाकानं सावकाश आत घे आणि गरम चहावर फुंकर घालतो तसा तोंडानं त्याहून सावकाश सोड. पाच-सात मिनिटांत बोटं मोकळी झाली. पण मला पलीकडच्या चार खाटा होत्या, मी उठले, आणि पुढच्या कळेला तिचा श्वास पुन्हा सुटला. तिची आई रात्रभर दाराबाहेर बाकावर थर्मास घेऊन बसलेली होती. ते दार रोज मीच लावत होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढे २०१६ मध्ये केंद्र सरकारनंच सांगितलं, बाळंतिणीजवळ सोबतीण असू द्या. त्यानंतरची एक सासू मी विसरणार नाही. उमरेडकडची होती. आत आल्याबरोबर तिनं दोन्ही हातांतल्या बांगड्या काढून रुमालात बांधल्या, सुनेच्या पाठीला टोचू नयेत म्हणून. मी तिला जागा दाखवली. कमरेखाली, माकडहाडाच्या वरचा सपाट भाग. तिथे तळहाताची टाच टेकवून, कळ चढेल तसा दाब वाढवायचा, उतरली की सोडायचा. सून खाटेची दांडी धरून उभी आणि ही मागे. दोन तास तिनं हात थांबवला नाही. बोलली फारसं नाही. अधूनमधून “हाव, आली, गेली” एवढंच.

आता तुझे तीन क्लास. धरमपेठेतल्या क्लासमधलं वाचन, संगीत, चार बायकांची संगत, यानं मन शांत होतं आणि ते मोलाचं आहे. पण ‘हवं तसं बाळ’ हे वाक्य मला खपत नाही. बाळाचा रंग, बुद्धी कुणी हमीनं देऊ शकत नाही. मुलगा की मुलगी हे तर गर्भ राहतो त्याच क्षणी बापाच्या बीजावरून ठरलेलं असतं. मुलगाच होईल असं तिथे कुणी आडून जरी सुचवलं, तरी त्याच पावली परत फिर. १९९४ चा लिंगनिवडीविरोधी कायदा उगाच झालेला नाही.

मोबाइलवरच्या क्लासचं वेगळं. फर्नांड लमाझ हे फ्रेंच डॉक्टर. १९५१ मध्ये सोव्हिएत संघात त्यांनी औषधाविना वेदना सोसायची पद्धत पाहिली आणि पॅरिसला आणली. श्वासाइतकंच महत्त्व त्यांच्या पद्धतीत शेजारी बसणाऱ्या माणसाला होतं, त्यासाठी खास शिकवलेली सहायिका असायची. पाटीवर नाव लमाझचं, पण शिकायला तू एकटी, कानात इअरफोन, हे अर्धंच झालं. घरी सराव करायला ठेव हवं तर, तुझा श्वास चुकतोय हे मात्र मोबाइल सांगणार नाही.

दवाखान्यातला फुकट क्लास तू शेवटी लिहिलास, मी तो पहिला धरते. ज्या खोलीत तू बाळंत होणार, तिथलीच सिस्टर शिकवणार. खोली दाखवा म्हणून तिच्या मागे लाग. तिथे कळांमध्ये चालू देतात का, उभं राहू देतात का, चीर देऊन टाके सरसकट घालतात का, वेदना कमी करायला इंजेक्शन मिळतं का, बाळ लगेच छातीवर देतात का, सगळं विचार. सिझेरियनवरही ती मोकळेपणी बोलली पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झालेली दिसतात, म्हणजे पाचांत एकीहून जास्त. ज्या क्लासमध्ये सिझेरियनचं नावच निघत नाही, तिथल्या मुली ऑपरेशन झालं की आपण नापास झालो असं समजून रडतात. अशा कितीजणींचे डोळे मी पुसले आहेत.

निघायचं कधी, हेही तिथेच पक्कं करून घे. पहिलटकरणीला कळा पाच-पाच मिनिटांनी येऊ लागल्या, प्रत्येक मिनिटभर टिकली आणि तासभर असंच चाललं की साधारण निघायची वेळ. पाणमोट फुटली, अंगावरून रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली किंवा डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कळांची वाट न बघता लगेच. जागतिक आरोग्य संघटना २०१८ पासून सांगते की गर्भपिशवीचं तोंड ५ सेंटीमीटर उघडलं की खरी जोराची अवस्था धरायची, आणि पहिल्या खेपेला ती बहुधा १२ तासांपलीकडे जात नाही. त्याआधीच्या बारीक कळा कितीही रेंगाळू शकतात. हे घरच्यांना माहीत नसलं की पहिल्या कळेलाच सगळं घर दवाखान्यात येऊन बसतं.

दोन्ही रविवार बत्तिसाव्या-तेहतिसाव्या आठवड्यापर्यंत उरकून घे, म्हणजे सरावाला दिवस मिळतील. व्यायामाआधी डॉक्टरांना विचार. वार खाली असेल, बीपी असेल तर ते वेगळं सांगतील.

आणि सासूबाई. नवऱ्याची शिफ्ट कधी असेल सांगता येत नाही, म्हणजे त्या खोलीत बहुतेक त्याच असणार. त्या म्हणतात ते खरंच आहे, त्यांनी क्लास लावला नव्हता. पण त्यांच्या वेळी सुईण, जाऊ, काकी, शेजारीण असा चार बायकांचा गराडा होता, तोच त्यांचा क्लास. तुझ्याकडे तो गराडा नाही. त्यांना तसं सांग. “आई, मला एकटीला भीती वाटते, तुम्ही सोबत याल का?” एवढं म्हण. क्लास चांगला का वाईट यावर वाद घालत बसू नकोस. तिथे सिस्टर त्यांना हेही सांगेल की बाळाला मध-घुटी चाटवायची नाही, पहिल्या तासात आईचा चीकच द्यायचा. हे तुझ्या तोंडून निघालं तर भांडण होईल, सिस्टरच्या तोंडून ऐकलं तर पटेल.

प्रश्न : माझी पत्नी सरकारी रुग्णालयात बाळंत होणार आहे. क्लास परवडत नाही. मला आत थांबू देतील का?
(एक वाचक, वाडी)

उत्तर : केंद्र सरकारच्या २०१६ च्या त्या नियमात पहिली पसंती बाळंतपण अनुभवलेल्या नात्यातल्या बाईला आहे. प्रत्येक खाटेला आडोसा असेल तिथे नवऱ्यालाही परवानगी देता येते. सोबतीला थांबणाऱ्याला संसर्गाचा आजार नको, कपडे स्वच्छ हवेत, शेवटपर्यंत थांबायची तयारी हवी, आणि दुसऱ्या बाईच्या खाटेकडे जायचं नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. त्या दिवशी पत्नीबरोबर जा, सोबतीला कोण थांबू शकतं ते तिथेच विचारा. सिस्टरना मोकळा वेळ असेल तर कमरेवर दाब कसा द्यायचा ते तुम्हाला आणि तुमच्या आईला, दोघांनाही दाखवायला सांगा. बाळंतपणाला, सिझेरियन झालं तरी, तिथे पैसे लागत नाहीत. तिच्या पिशवीत, जो आत थांबणार त्याचे धुतलेले कपडे आणि वेगळ्या चपला आजच भरून ठेवा.