मुंबईच्या महापौरांपैकी खरोखर लक्षात ठेवावा असा कोणी आहे का?

तुम्ही विचारलंय की महापौर म्हणजे उद्घाटनं करणारा, पाहुण्यांना हार घालणारा माणूस, मग मुंबईच्या इतक्या महापौरांत आवर्जून लक्षात ठेवावा असा एक तरी झाला का. झाला. युसुफ मेहेरअली, १९४२ चे महापौर. मी पनवेलची, त्यामुळे हे नाव मला शाळेतल्या धड्यातून कळलं नाही, हायवेवरच्या पाटीवरून कळलं. ते पुढे सांगतेच.

आधी पदाबद्दल, कारण तुमचं म्हणणं बरंचसं खरं आहे. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा. त्यात कारभाराची सूत्रं आयुक्ताकडे दिली आहेत, आणि आयुक्त नेमतं सरकार. महापौराला नगरसेवक आपल्यातून निवडतात, तो सभागृह चालवतो आणि शहराचा प्रथम नागरिक म्हणून मिरवतो. १९३१ पर्यंत तर या पदाला ‘अध्यक्ष’च म्हणत, ‘मेयर’ त्यानंतर आलं. (त्याला ‘महापौर’ हा मराठी शब्द सावरकरांनी दिला.) आज मुदत अडीच वर्षांची आहे, तेव्हा एकच वर्ष मिळे. २०२२ च्या मार्चनंतर काही वर्षं तर मुंबईला महापौरच नव्हता, प्रशासक होता, आणि कचरा उचलला जात होता, नळाला पाणी येत होतं. म्हणजे खुर्चीत ताकद फारशी नाही. पण त्या खुर्चीवर शहर कोणाला बसवतं, याला मी फार किंमत देते.

मेहेरअलींचा जन्म २३ सप्टेंबर १९०३ चा, मुंबईतल्या सधन व्यापारी मुसलमान घराण्यातला. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले, मग वकिलीची परीक्षा दिली. पण तोवर राजकारणात नाव इतकं झालं होतं की हायकोर्टाने सनदच दिली नाही. झालं ते बरंच झालं म्हणायचं, पूर्ण वेळ चळवळीला मिळाला. १९२८ मध्ये त्यांनी मुंबईत युथ लीग ही तरुणांची संघटना उभी केली. त्याच वर्षी ३ फेब्रुवारीला सायमन कमिशन मुंबई बंदरात उतरलं. या कमिशनमध्ये भारतीय माणूस एकही नव्हता. धक्क्यावर जायला बंदी होती, म्हणून मेहेरअली आणि त्यांचे साथीदार हमालांचा वेष करून आत शिरले, अशी हकीकत सांगतात. पुढे देशभर गाजलेली ‘सायमन गो बॅक’ ही घोषणा त्यांच्याच नावावर आहे.

१९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष निघाला, त्याच्या संस्थापकांत जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता यांच्याबरोबर मेहेरअली होते. तुरुंगाच्या वाऱ्या तर आधीपासून सुरूच होत्या. महापौरपदासाठी त्यांचं नाव पुढे आलं तेव्हाही ते गजाआडच होते!

आता १९४२ चे ते महायुद्धाचे दिवस डोळ्यांपुढे आणा. फेब्रुवारीत सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून. जपानी विमानं आपल्याकडे कधी येतील याची धास्ती. अशा वेळी सरकारने ज्याला कोंडून ठेवलं होतं, त्यालाच मुंबईच्या नगरसेवकांनी शहराचा प्रथम नागरिक केलं. वयाची चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. अधिकार नसलेल्या पदाने एवढं मोठं बोलून दाखवल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

याच वर्षातला एक प्रसंग मला सगळ्यांत जवळचा वाटतो. गांधीजींचे स्नेही, उद्योगपती शांतिकुमार मोरारजी यांनी तो सांगितला आहे. इंग्रजांना जा म्हणायचं ठरलं होतं, पण कोणत्या शब्दांत? एकाने ‘गेट आउट’ सुचवलं, गांधीजींना ते उद्धट वाटलं. राजाजींनी (सी. राजगोपालाचारी) माघार घेण्याच्या अर्थाचा शब्द काढला, तोही पसंत पडला नाही. मग मेहेरअलींनी गांधीजींना एक धनुष्य भेट दिलं. त्यावर दोनच शब्द कोरले होते : ‘क्विट इंडिया’. गांधीजी म्हणाले, ‘आमेन.’ आपण ‘चले जाव’ किंवा ‘छोडो भारत’ म्हणतो, ते त्या धनुष्यावरून आलं. मेहेरअलींनी लगेच याच नावाची पुस्तिकाही काढली आणि ती हातोहात गेली.

८ ऑगस्टला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर काँग्रेसचा ‘चले जाव’चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून धरपकड सुरू झाली, तिच्यात मुंबईचे महापौरही उचलले गेले. म्हणजे खुर्चीत ते जेमतेम काही महिने. शहरासाठी त्यांनी अमुक रस्ता केला, तमुक इस्पितळ बांधलं, असं मी सांगू शकत नाही, त्यांना तेवढा वेळच मिळाला नाही.

तुरुंगात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. सरकारने सेंट जॉर्जेस इस्पितळात खास उपचारांची तयारी दाखवली. त्यांनी अट घातली की माझ्याबरोबरच्या दोन आजारी कैद्यांनाही तेच उपचार मिळाले पाहिजेत. सरकार तयार होईना, मग तेही गेले नाहीत. १९४३ मध्ये सुटका झाली, पण तब्येत कायमची गेली ती गेलीच. २ जुलै १९५० ला ते वारले, तेव्हा सत्तेचाळिसावं वर्ष चालू होतं. तीन आठवड्यांपूर्वी, ११ जूनला, साने गुरुजी गेले होते. महाराष्ट्रातल्या समाजवाद्यांनी तो पावसाळा कसा काढला असेल, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

आता ती पाटी. मुंबई-गोवा रस्त्याने पनवेलहून निघालात की कर्नाळ्याच्या पुढे तारा गाव लागतं. तिथे ‘युसुफ मेहेरअली सेंटर’ आहे. १९६१ साली डॉ. जी. जी. पारीख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही संस्था सुरू केली. पारीख स्वतः विद्यार्थिदशेत बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेले. २ ऑक्टोबर २०२५ ला, वयाच्या शंभराव्या वर्षी ते गेले.

कॉलेजात असताना आमचं एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) शिबिर तारा गावातल्या याच सेंटरमध्ये होतं. तेलघाण्याच्या खोलीत पाय ठेवला की तेलाचा आणि ओल्या पेंडीचा वास नाकात बसायचा, तो दिवसभर ओढणीला राहायचा. पलीकडे साबणाच्या वड्या कापत होते, त्यापुढे कुंभारकाम. चाकावर बसलेल्या मामांना मी विचारलं, ‘हे मेहेरअली कोण?’ मामांनी चाक न थांबवता सांगितलं, ‘मुंबईचे मेयर होते. जेलात होते तेव्हा लोकांनी केलं त्यांना मेयर.’ मग ओल्या मातीचा हात पाण्यात बुडवून म्हणाले, ‘बस इथं, सांगतो.’ मी बसले. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली तरी त्यांचं सांगून संपलं नव्हतं.